चाकाखाली माणूस आला, तर जबाबदार कोण? मोटार कायद्याच्या जन्माची गोष्ट

नाक्यावर ट्रॅफिक पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला सांगितली की तो तीन कागद मागतो: लायसन्स, आरसी आणि इन्शुरन्स. (पीयूसी हा चौथा, पण तो फार नंतरचा.) आपण मोबाइलवर ते दाखवतो आणि पुढे निघतो. हे तिन्ही कागद एकाच प्रश्नासाठी तयार झाले आहेत. रस्त्यावर कोणी गाडीखाली आलं, तर त्याच्या घरच्यांनी दाद कोणाकडे मागायची? गाडी कोण चालवत होतं ते लायसन्सवरून कळतं, ती कोणाची होती ते आरसीवरून, आणि भरपाईचे पैसे कुठून येणार ते विम्यावरून.

मोटार कायदा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेगमर्यादा आणि दंडाची पावती येते. मला मात्र तो मुळात जबाबदार माणूस शोधण्याचा कायदा वाटतो. हा शोध बराचसा इंग्लंडमध्ये झाला, त्याला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि तिथूनच तो आपल्याकडे आला. त्याची सुरुवात मोटारीच्याही आधीची आहे.

मारलं तर भरपाई नाही

१८०८ सालचा लंडनमधला खटला. एक नवरा-बायको घोड्यांच्या प्रवासी गाडीच्या टपावर बसून चालले होते. गाडी उलटली. नवऱ्याला मार लागला आणि बायको महिन्याभराने रुग्णालयात वारली. नवऱ्याने गाडीच्या मालकांवर दावा लावला. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी ज्यूरीला सांगितलं की माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी कोर्टात भरपाई मागताच येत नाही. नवऱ्याला स्वतःच्या दुखापतीचे आणि बायको जिवंत होती तेवढ्या दिवसांचे पैसे मिळाले. तिच्या मृत्यूबद्दल काहीच नाही. थोडक्यात, गाडीवाल्याने एखाद्याला जखमी केलं तर पैसे मोजायचे, आणि तो मेला तर त्यातूनही सुटका. बेकर विरुद्ध बोल्टन हा तो निकाल.

मग मृत्यूबद्दल कायदा काहीच करत नव्हता का? करत होता, पण विचित्र पद्धतीने. इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून अशी चाल होती की ज्या वस्तूमुळे माणूस मेला, ती वस्तू किंवा तिची किंमत राजाकडे जमा व्हायची. गाडीचं चाक, बैल, विहिरीचा रहाट, काहीही. याला ‘डिओडँड’ म्हणत. दोष जणू वस्तूचाच. रेल्वे आली आणि ही जुनी चाल अचानक महागात पडू लागली. १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी सॉनिंगच्या खिंडीत घसरून आलेल्या मातीत घुसली आणि उघड्या डब्यांतले ९ प्रवासी गेले. त्यांत बहुतेक गवंडी होते. लंडनमध्ये पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करून ते सणाला घरी निघाले होते. ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर १,००० पौंडांचा डिओडँड बसवला. पण तो पैसा मृतांच्या घरच्यांसाठी नव्हता. गवंड्यांच्या बायकामुलांचा त्यावर कायद्याने हक्क नव्हता.

१८४६ मध्ये पार्लमेंटने दोन कायदे केले. एकाने डिओडँड रद्द झाला. दुसऱ्याने मृताच्या पती-पत्नीला, आई-वडिलांना आणि मुलांना, ज्याच्या चुकीने मृत्यू झाला त्याच्यावर दावा लावण्याचा हक्क मिळाला. त्याला लॉर्ड कॅम्बेलचा कायदा म्हणतात. तो ९ वर्षांत भारतातही आला: १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा. आजही एखाद्या अपघातात घरातला कमावता माणूस गेला आणि वारसांनी भरपाई मागितली, तर त्या हक्काची मुळं इथे आहेत.

वस्तूऐवजी माणूस जबाबदार, हे इथे पक्कं झालं. आता प्रश्न उरला: कोणता माणूस?

लाल निशाण: वाटतं तितकं वेडेपणाचं नव्हतं

१८६५ चा लोकोमोटिव्ह कायदा आज हसण्यासाठी सांगितला जातो. रस्त्यावरच्या स्वयंचलित वाहनाला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल एवढीच मर्यादा. बरोबर किमान तीन माणसं हवीत, आणि त्यांतल्या एकाने ६० यार्ड, म्हणजे साधारण ५५ मीटर पुढे, लाल निशाण घेऊन पायी चालायचं.

पण हा कायदा झाला तेव्हा आजच्यासारखी मोटार नव्हतीच. रस्त्यावर होती ती वाफेची अवजड इंजिनं, कित्येक टनांची. ती रस्ता खचवत, धूर आणि ठिणग्या सोडत, आणि समोरून येणारे घोडे त्यांना बघून उधळत. उधळलेल्या घोड्याने गाडीतली माणसं खाली फेकणं हा रोजचा धोका होता. अशा वेळी पुढे एक माणूस चालवून समोरच्याला सावध करणं मला शहाणपणाचंच वाटतं. यांत्रिक वाहनाखाली माणसं मरू शकतात हेही लवकरच दिसलं: १८६९ मध्ये आयर्लंडमध्ये मेरी वॉर्ड या सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासिका नातेवाइकांच्या वाफेच्या गाडीतून पडून चाकाखाली आल्या आणि जागीच गेल्या.

चूक वेगळी होती. यंत्र बदललं तरी कायदा तसाच राहिला. १८७८ मध्ये निशाणाची सक्ती गेली आणि अंतर २० यार्डांवर आलं, पण माणूस पुढे चालतच राहिला. १८९० च्या दशकात पेट्रोलवर चालणाऱ्या हलक्या मोटारी आल्या, त्यांनाही हेच नियम. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड हा मोटारींचा व्यापारी ताशी २ मैलांच्या हद्दीतून सुमारे ८ मैलांनी गेला. सायकलवरच्या पोलिसाने पाठलाग करून त्याला पकडलं. वेगाबद्दल १ शिलिंग दंड झाला. ही शिक्षा आज सगळीकडे सांगितली जाते. त्याच्यावरचा आणखी एक आरोप मात्र कोणी फारसा सांगत नाही: गाडीवर मालकाचं नाव आणि पत्ता लिहिलेला नव्हता. जुन्या कायद्याला वेगाइतकीच ओळखीचीही काळजी होती. पुढे सगळं याच दिशेने जाणार होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई, मुलीबरोबर चालत असताना, प्रात्यक्षिक फेरी मारणाऱ्या मोटारीखाली आली. ब्रिटनमध्ये पेट्रोल मोटारीने मेलेली ही पहिली पादचारी मानली जाते. चालकाच्या मते वेग ताशी ४ मैल होता, साक्षीदारांच्या मते बराच जास्त. वेग मोजण्याचं साधन नव्हतं, चालकाला कोणती परीक्षा नव्हती, परवाना नावाची गोष्टच नव्हती. ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय झाला आणि कोणावर खटला झाला नाही.

आणि नेमक्या त्याच महिन्यात पार्लमेंटने मोटारींवरची बंधनं सैल करणारा कायदा मंजूर केला. नोव्हेंबर १८९६ पासून ३ टनांखालच्या गाड्यांपुढचा माणूस गेला आणि मर्यादा ताशी १४ मैल झाली, जी प्रत्यक्ष नियमांत १२ वर आणली गेली. १४ नोव्हेंबरला मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी मिरवणूक काढून ही सुटका साजरी केली.

नंबरप्लेट

पुढे चालणारा माणूस काढला, पण त्याच्या जागी काय? १२ मैलांनी जाणारी मोटार धक्का देऊन निघून गेली तर तिला गाठायचं कसं? घोडागाडीवाला बहुतेक वेळा पंचक्रोशीतलाच असायचा, कोणीतरी त्याला ओळखायचं. मोटार दुसऱ्या परगण्यातून यायची, धूळ उडवायची आणि नाहीशी व्हायची. नाव-पत्ता लिहिला तरी त्या वेगात वाचणार कोण?

याचं उत्तर १९०३ च्या मोटार कार कायद्याने दिलं. १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीची नोंदणी आणि दिसेल असा क्रमांक सक्तीचा झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वेगमर्यादा येतात आणि जातात. धावत्या यंत्राला एका ठरावीक माणसाशी जोडलं ते या क्रमांकाने. त्याला जोडून आणखी दोन कलमं होती. अपघात झाला तर चालकाने थांबलंच पाहिजे. आणि चालक कोण होता हे विचारलं तर मालकाने स्वतःकडची माहिती दिलीच पाहिजे. ‘गाडी माझी आहे, पण कोण चालवत होतं ते ठाऊक नाही’ असं म्हणून हात झटकण्याची सोय कमी झाली. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं १३३ वं कलम हेच सांगतं.

लायसन्सही याच कायद्याने आलं, पण ते नावापुरतं. ५ शिलिंग भरा, वय १७ पूर्ण असू द्या (मोटारसायकलला १४), परवाना घ्या. परीक्षा नाही. गाडी चालवता येते का हे कोणी विचारतही नव्हतं. त्या लायसन्समुळे चालकाचं नाव नोंदवलं जायचं, एवढंच.

वेगमर्यादा २० मैल झाली. सरकारच्या मूळ मसुद्यात ती नव्हतीच, पार्लमेंटच्या आग्रहाने आली. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं मोटारवाले आणि पोलीस यांच्यात याच २० मैलांवरून झटापट चालली. पोलीस झुडपांमागे स्टॉपवॉच घेऊन बसायचे. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल असोसिएशनचे लोक सायकलवरून फिरून सभासदांना पुढच्या सापळ्याची खूण करायचे. १९१० मध्ये कोर्टाने ठरवलं की वेगात येणाऱ्याला असं सावध करणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणं. त्यावर संघटनेने तोड काढली: आमचा माणूस सभासदाला रोज सलाम करेल, आणि ज्या दिवशी करणार नाही त्या दिवशी सभासदाने थांबून कारण विचारावं. न केलेल्या सलामाबद्दल शिक्षा कशी करणार? हुशारी मोठी होती, पण रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या जिवाशी तिचा काही संबंध नव्हता. या झटापटीत सगळ्यांचं लक्ष वेगावर राहिलं, आणि जखमींच्या भरपाईचा प्रश्न तसाच पडून राहिला.

चाक तुटलं तर?

चालकाने काहीच चूक केली नाही आणि गाडीच मोडली, तर? इथे दोन खटल्यांची गोष्ट सांगायला हवी.

पहिला १८४२ चा, इंग्लंडमधल्या टपालाच्या घोडागाडीचा. सरकारने गाड्या सुस्थितीत ठेवण्याचं कंत्राट राइट नावाच्या माणसाला दिलं होतं. गाडी मोडली, हाकणारा विंटरबॉटम खाली फेकला गेला आणि कायमचा पंगू झाला. त्याने राइटवर दावा केला. कोर्ट म्हणालं, राइटचा करार टपालखात्याशी होता, तुझ्याशी नाही. करार नाही तर हक्क नाही. अशी दारं उघडली तर दाव्यांना अंतच राहणार नाही, ही न्यायाधीशांची भीती होती. हा नियम पुढे सत्तरेक वर्षं कारखानदारांच्या कामी आला. ग्राहक गाडी दुकानदाराकडून घ्यायचा, त्यामुळे कंपनीशी त्याचा करारच नसायचा.

दुसरा खटला अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या मॅकफर्सन यांनी डीलरकडून ब्युइक मोटार घेतली. चाकाचे आरे लाकडी होते, लाकूड खराब निघालं, चाक मोडलं आणि ते गाडीबाहेर फेकले गेले. चाक ब्युइकने बाहेरच्या कारखान्यातून घेतलं होतं, पण नीट तपासलं असतं तर दोष कळला असता. ब्युइकने जुनाच बचाव मांडला: आमचा करार डीलरशी. १९१६ मध्ये न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी तो मोडून काढला. डीलर हा तर असा एकमेव माणूस, की तो ती गाडी वापरणार नाही हे जवळपास खात्रीने सांगता येतं. मग काळजी फक्त त्याचीच घ्यायची, हे कसं पटावं? निष्काळजीपणे बनवल्यास जी वस्तू जिवावर बेतू शकते आणि जी विकत घेणाऱ्याखेरीज इतर लोक वापरणार हे बनवणाऱ्याला माहीत आहे, तिच्याबद्दल त्याने सगळ्यांसाठीच काळजी घेतली पाहिजे. घोडागाड्यांच्या काळातले दाखले आजच्या प्रवासाला लागू पडत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

आज कंपन्या दोष सापडल्यावर हजारो गाड्या परत बोलावतात. त्यामागचं तत्त्व, की बनवणाऱ्याची जबाबदारी शोरूमच्या दारात संपत नाही, या निकालातून रुजलं. १९३२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठानेही (हाउस ऑफ लॉर्ड्स) ते मान्य केलं, आणि त्या निकालात मॅकफर्सनच्या खटल्याचा आधार घेतलेला आहे.

निकाल हातात, पैसे कुठे?

चालक सापडला, मालक सापडला, निष्काळजीपणा सिद्ध झाला, कोर्टाने भरपाईही ठरवली. आणि मालकाकडे पैसेच नाहीत. मोटार स्वस्त होऊन मध्यमवर्गात आली तसं हे वारंवार घडू लागलं.

१९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने ब्रिटनमध्ये थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. १ जानेवारी १९३१ पासून विम्याशिवाय मोटार रस्त्यावर आणणं गुन्हा ठरलं. करारातला पहिला पक्ष गाडीवाला, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा रस्त्यावरचा माणूस, ज्याने कशावरही सही केलेली नाही, ज्याला तो करार आहे हेसुद्धा ठाऊक नाही. विंटरबॉटमला ‘तुझा करार कुठे आहे?’ असं विचारून परत पाठवलं होतं. आता कायदा म्हणू लागला की ज्याचा करार नाही, त्याच्यासाठीच हा करार करायचा.

तरी कंपन्यांना पळवाटा होत्या. चालक प्यायलेला होता, गाडी नीट ठेवली नव्हती, पॉलिसीतली अमुक अट मोडली, म्हणून आम्ही पैसे देत नाही. चूक गाडीवाल्याची, आणि शिक्षा जखमीला. १९३४ च्या कायद्याने अशा बऱ्याच सबबी जखमीविरुद्ध चालेनाशा केल्या: कोर्टाचा निकाल लागला की कंपनीने आधी जखमीला द्यावं, मग वसुली आपल्या ग्राहकाकडून करावी.

१९३० च्या त्याच कायद्याने एक घोडचूकही केली होती. २० मैलांची मर्यादा कोणी पाळत नाही म्हणून मोटारींची वेगमर्यादा पूर्णच काढून टाकली. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली, आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास पायी चालणारी होती. मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा परत आणली, पादचाऱ्यांसाठी रस्ता ओलांडण्याच्या जागा आखल्या, आणि १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची केली. पहिल्या लायसन्सनंतर तब्बल ३१ वर्षांनी कायद्याने विचारलं, तुम्हाला गाडी चालवता येते का?

आपल्याकडे

मुंबईत मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. आधी प्रांतांनी आपापले नियम केले, मग १९१४ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटार वाहन कायदा झाला. त्याचा साचा ब्रिटनच्या १९०३ च्या कायद्याचाच: नोंदणी, लायसन्स, अपघातानंतर थांबण्याची सक्ती. वयाची अट मात्र १८.

१९३९ चा कायदा फार मोठा. त्यात आणखी एक धागा होता. १९३० च्या आसपास मोटार-बस रेल्वेचं उतारू आणि माल पळवू लागल्या. मिचेल आणि कर्कनेस या अधिकाऱ्यांच्या १९३३ च्या अहवालात हीच स्पर्धा तपासलेली आहे. परमिटची पद्धत, कोणत्या मार्गावर किती गाड्या हे ठरवणारी प्राधिकरणं, हे १९३९ च्या कायद्यात आलं, त्यामागे रेल्वेचं उत्पन्न वाचवण्याची काळजी बरीच होती. रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या तोंडी आजही असलेलं परमिट तिथून आलेलं आहे.

सक्तीच्या विम्याचं प्रकरणही त्याच कायद्यात होतं, पण ते लागू झालं १ जुलै १९४६ ला, ७ वर्षांनी. १९५६ च्या दुरुस्तीने आणखी एक अडचण दूर केली: अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं. त्याआधी विधवेला साध्या दिवाणी कोर्टात, दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरून, वर्षानुवर्षं लढावं लागायचं.

तरीही चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करणं भागच होतं. १९७७ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं. जिचा नवरा किंवा मुलगा रात्री हायवेवरच्या अपघातात गेला, तिने साक्षीदार कुठून आणायचे? १९८२ मध्ये संसदेने उत्तर दिलं: चूक कोणाचीही असो, ठरावीक रक्कम द्यायचीच. मृत्यूसाठी तेव्हा १५,००० रुपये.

आणि नंबरच दिसला नाही तर? धडक देऊन गाडी पळाली, ना चालक सापडला, ना मालक, ना विमा कंपनी, तर इतक्या वर्षांत तयार झालेली जबाबदारीची साखळी पहिल्याच कडीत तुटते. त्यासाठीही १९८२ मध्येच वेगळी तरतूद झाली. आज ती १९८८ च्या कायद्याच्या १६१ व्या कलमात आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात. पूर्वी हेच आकडे २५,००० आणि १२,५०० होते. यासाठी कोर्टात दावा लावावा लागत नाही. अपघात जिथे झाला त्या भागाच्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करायचा, चौकशी होते, आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून येते. ही तरतूद फार थोड्या घरांना माहीत असते. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर त्यांना एफआयआरची प्रत आणि शवविच्छेदनाचा किंवा दुखापतीचा अहवाल जपून ठेवायला सांगा, आणि अर्ज करायला सांगा.